दहा सेकंदांची सबुरी

पहिल्याच फटक्यात वाळूचं पोतं मधोमध फाटलं आणि सरनोबत साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फटक्यात पोतं ज्या लोखंडी खांबाला बांधलं होतं तो खांबच वाकला. वाळू उडून माझ्या तोंडात गेली. मी थुंकले, आणि तेव्हाच हे यंत्र माझ्या मनातून उतरलं. कारण फार शास्त्रीय नव्हतं. शास्त्रीय कारण नंतर सापडलं.

फटके मारत होता तो राखणदार. पुरुषभर उंच, खाली चार चाकं, वर दोन हात, उजव्या हातात पोलादी गाभ्याची रबरी लाठी. गेल्या काही वर्षांत कारखान्यांच्या दारांवर आणि धान्याच्या गोदामांवर इतके दंगे झाले, इतके पहारेकरी दगडांनी ठेचले गेले, की सरकारनं बंदोबस्त महामंडळ नावाचं नवं खातं काढलं आणि त्या खात्यानं ठरवलं, आता दारावर माणूस नको. राखणदाराचं धड माझा थोरला भाऊ अभिनंदन ओतायचा, शिरोलीतल्या त्याच्या फौंड्रीत. डोकं, म्हणजे आतली चिप, सरनोबत साहेबांची कंपनी आखत होती, आणि ती चिप नीट वागते की नाही हे बघणाऱ्या विभागाची मी प्रमुख. मी श्रुतिका मगदूम. धड आणि डोकं एकाच घरातनं, असं साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

चिपची एक खोड असते. सिलिकॉनवर एकदा छापली की तिच्यात खाडाखोड करता येत नाही. चूक राहिली तर सगळा माल कचऱ्यात. म्हणून छापण्याआधी ती इम्युलेटरवर चालवून बघतात. इम्युलेटर म्हणजे कपाटाएवढं एक यंत्र, जे वाट्टेल त्या चिपचं सोंग घेतं. आराखडा आत भरला की ते त्या चिपसारखं वागू लागतं. चूक दिसली की आराखडा बदलायचा आणि परत भरायचा. नाटकातल्या माणसाला रोज प्रयोगात मारता येतं, तसंच हे.

आम्हाला दोन इम्युलेटरमधून एक निवडायचा होता. पहिला आमच्याकडे भाड्यानं होताच. पोरं त्याला म्हातारी म्हणायची. म्हातारी खऱ्या चिपपेक्षा हजारपट हळू चालायची, पण चिपमधली प्रत्येक तार प्रत्येक क्षणी काय करते ते दाखवायची. मागं जाऊन परत बघायचं म्हटलं तरी तिची तयारी. दुसरी बिजली. ती नव्या जातीची, विजेऐवजी प्रकाशावर हिशेब करणारी, आणि खऱ्या चिपइतक्याच वेगानं सोंग घेणारी जगातली पहिलीच. तिच्या आत काय चाललंय ते मात्र दिसायचं नाही. बाहेरून राखणदार जोडायचा आणि तो काय करतो ते बघायचं.

आता सोंगच जर खऱ्याइतकं जलद असेल, तर खरं कशाला बनवायचं? हा प्रश्न सरनोबत साहेबांना पहिल्या दिवशीच पडला. चिप छापून यायला दीड वर्ष लागणार होतं. बिजली एका व्हॅनमध्ये मावत होती. व्हॅन दाराशी उभी करायची, चार राखणदार बिनतारी जोडायचे, आणि सोमवारपासून पहारा सुरू. नमुना तपासायला आणलेलं यंत्र थेट माल म्हणून विकायचं. महामंडळालाही ते पसंत होतं. अट एकच होती, की कुठला इम्युलेटर घ्यायचा त्याला तपासणी प्रमुखाचा होकार हवा. म्हणजे माझा.

"हं, बोल श्रुतिका," पोत्याची वाळू झटकत साहेब म्हणाले. "आता अजून काय बघायचं राहिलं?"

"सबुरी," मी म्हटलं.

सबुरी हे आम्ही चिपच्या एका तुकड्याला दिलेलं नाव. कायदा असा होता, की राखणदारानं समोरच्या माणसाला आधी "मागे व्हा" म्हणायचं, मग पूर्ण दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात माणूस मागे सरला तर हात खाली. नाही सरला तरच लाठी, तीही कमरेखाली. हे थांबणं कोणी खोडसाळपणानं बदलू नये म्हणून ते चिपच्या तारांतच गुंफलं होतं. पोतं म्हणजे निर्जीव वस्तू, त्याला सबुरी लागू नाही. माणसाची ऊब आणि श्वास जाणवला तरच सबुरी जागी व्हायची.

"सबुरी तपासली की. शंभरदा तपासली."

"आखूड चालवून तपासली."

हे समजावून सांगायला हवं. म्हातारी हजारपट हळू, म्हणजे चिपचे दहा सेकंद तिच्यावर पावणेतीन तास चालतात. एवढा वेळ कोण बसणार? म्हणून आमच्या धंद्यात थांबणं असेल तिथं आकडा आखूड करायची पद्धत आहे. दहा सेकंदांच्या जागी डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ घालायचा, आणि त्यानंतर हात बरोबर उठतो का तेवढं बघायचं. सगळे असंच करतात. मोजणारा थोडं मोजतो की फार मोजतो, त्यात काय बघायचं असं वाटतं. पण आमच्या या सबुरीची पूर्ण लांबी कोणीच, एकदाही, बघितली नव्हती.

"दहा सेकंद बघायला पावणेतीन तास?" साहेब हसले. "अगं, बिजलीवर ते दहा सेकंदांतच होतंय."

"बिजलीवर समोर माणूस लागतो."

ते रुमालानं हात पुसत गाडीकडं निघाले. मला वाटलं, विषय मिटला.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं. आम्ही जैन, आईचा नेम कडक. दादा फौंड्रीतून काळवंडलेल्या हातांनी आला, हात धुऊन ताटावर बसला आणि भाकरी मोडायच्या आधीच म्हणाला, "सायबांनी सांगितलं मला. होकार अडवून बसलीयास म्हणं."

"अडवला नाही. बघतेय."

"बघ की. पण दीड वरीस बघू नगंस. चिप छापून येईस्तवर भट्टी थंड ठेवू काय मी? चाळीस माणसं हाईत माझ्याकडं. त्यांच्या घरात काय शिजवायचं?"

"आणि सोमवारी दारावर कुणाची हाडं मोडली तर?"

"कशी मोडतील? दहा सेकंद थांबतंय की ते. दहा सेकंदात म्हातारं माणूस पण मागं हुतंय." दादा तरुणपणी तालमीत होता. मांड्या अजून तशाच, आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन बोलायची सवयही तशीच. "तुला माणूस पायजे न्हवं समोर? मी उभा ऱ्हातो. नऊ सेकंद हाताची घडी घालून उभा ऱ्हातो आणि दहाव्याला मागं सरतो. मग तर देशील होकार?"

आई वाढता वाढता थांबली. "मुंगी चिरडली तर उपास धरणारं घर आपलं," ती म्हणाली, "आणि दोघं मिळून लाठी घडवालाय."

"आई, ते मारायला न्हाई. थांबवायला हाय."

"मग लाठी कशाला दिलीया हातात?"

दादानं ताटातली भाकरी मोडली. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी लवकर मी म्हातारीवर पूर्ण सबुरी लावते, आखूड न करता. पावणेतीन तासांत कळेल. तोवर उभा राहू नकोस. त्यानं मान डोलावली आणि ताक मागितलं. लहानपणी झाडावर चढू नको म्हटलं की तो अशीच मान डोलवायचा, हे मला आठवायला हवं होतं.

आमची तपासणीची खोली फौंड्रीच्याच माडीवर होती. सकाळी मी तिथं म्हातारी सुरू केली. दादाच्याच ऊब-श्वासाची जुनी नोंद तिला समोरचा माणूस म्हणून दिली आणि खुर्ची ओढून बसले. जेमतेम बूड टेकलं तोच फौंड्रीच्या आवारातून ताशाचा आवाज आला. कर्नल जामदार, महामंडळाचे प्रमुख, ठरल्यापेक्षा तीन तास आधी येऊन बसले होते. मी खाली धावले. आवारात मांडव घातलेला, राखणदाराला झेंडूचा हार, आणि कडेला बिजलीची बंद व्हॅन. दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"साहेब, म्हातारीचं होऊ द्या. पावणेतीन तास थांबा."

"कर्नलसाहेबांना दुपारी मुंबई गाठायची आहे," सरनोबत हळू आवाजात म्हणाले. "आणि अभिनंदन स्वतः तयार आहे. तू का घाबरतेस?"

"दादा, तू मान डोलावली होतीस."

"जा गं," दादा हसला. "तू तुझं आत बघ, मी माझं हितं बघतो. दोघांचं एकच निघंल."

मी त्याच्या हाताला धरून ओढलं. नव्वद किलोचा गडी, जागचा हलला नाही. चार लोक बघायला लागले तशी मी हात सोडला आणि परत वर गेले. आता एकच उपाय होता, आधी सत्कार लांबेल अशी आशा करायची. तो लांबलाही. फेटा, शाल, नारळ, मग साहेबांचं भाषण, मग कर्नलसाहेबांचं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला भाषणं आणखी लांबावीत असं वाटत होतं.

म्हातारीच्या पडद्यावर हाताची रेघ आडवी पडून होती. पावणेतीन तास ती तशीच राहायला हवी होती. अर्धा तासही झाला नव्हता आणि ती रेघ उठली.

मला वाटलं, मीच चुकून आखूड लावलं. तपासलं. नव्हतं लावलं. म्हातारीला मागं नेलं, सबुरीची मोजणी उघडली, आणि चूक समोर दिसली. ती इतकी साधी होती की मला शिवी सुचली. चिपच्या नाडीचे ठोके सेकंदाला शंभर कोटी. सबुरी ते ठोके मोजायची. पूर्वी कायदा तीन सेकंदांचा होता, म्हणजे तीनशे कोटी ठोके, आणि मोजणाऱ्याला आकडा मांडायला तेवढ्यापुरती घरं दिली होती. त्यात चारशे एकोणतीस कोटींच्या वर आकडा मावतच नाही. मग कायदा दहा सेकंदांचा झाला. कुणीतरी आकडा बदलून हजार कोटी केला, पण घरं तेवढीच ठेवली. जुन्या स्कूटरचा काटा शेवटच्या आकड्यावरून परत शून्यावर येतो, तसा तो आकडा दोन फेऱ्या मारून उरला तेवढाच उरला. एकशे एकेचाळीस कोटी. म्हणजे दीड सेकंदालाही थोडं कमी. आखूड चालवताना आकडा लहानच असायचा, म्हणून ही फेरी कधी कुणाच्या नजरेला पडली नाही.

खाली ताशा थांबला. एका बाईचा गोड, रेडिओवर ऐकावा तसा आवाज आला. "मागे व्हा."

मी जिन्यात होते तेव्हा पहिला फटका ऐकला. पोत्याचा आवाज वेगळा होता. हा ओली फांदी मोडल्यासारखा होता.

दादा हाताची घडी घालून हसत उभा होता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. घडी सुटायच्या आत लाठी त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसली. तो कोसळला. आता पडलेला माणूस मागे सरकत नाही, आणि राखणदाराच्या हिशेबी जो मागे सरत नाही तो अडवतो आहे. "मागे व्हा," तो गोड आवाज परत आला. दीड सेकंद. लाठी त्याच गुडघ्यावर. दादानं हात आडवा घातला. "मागे व्हा." मनगट गेलं. तो कोपरांवर सरपटायला बघत होता, पण तुटलेला पाय दगडी फरशीच्या कडेत अडकला होता. "मागे व्हा." मी आवारात पोचले तेव्हा त्याचा चेहरा माझ्याकडं होता. तो ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं आणि आतून फक्त हवा येत होती.

फौंड्रीतला चोपदार नावाचा ओतारी पहार घेऊन पुढं घुसला. राखणदारानं त्यालाही "मागे व्हा" म्हटलं आणि त्याची मांडी फोडली. लोक मागे पळाले. कर्नल खुर्चीवरून उठून उभे होते. सरनोबत साहेब पांढरे फटक पडून "बंद करा, बंद करा" म्हणत होते, पण बंद करायची कळ व्हॅनमध्ये होती, आणि व्हॅनमध्ये बिजलीच्या कंपनीचा माणूस देशमाने कानाला हेडफोन लावून बसला होता, कारण आत पंख्यांचा आवाज फार.

मी दादाकडं गेले नाही. व्हॅनकडं पळाले. त्याच्या अगदी जवळून पळाले. त्यानं माझ्याकडं हात केला होता, आणि मी तो ओलांडून गेले. दार उघडून मुख्य वायर उपटली तेव्हा राखणदाराचा हात वर होता. तो तसाच वर राहिला. झेंडूच्या हारावर रक्त उडालं होतं. इतक्या वेळात फटके किती बसले ते मी मोजले नाहीत आणि कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते.

दादाचा पाय गुडघ्याच्या वर कापला. चोपदाराची मांडी सळई घालून सांधली.

सरनोबत साहेबांनी दवाखान्याचा सगळा खर्च उचलला. वाईट माणूस नव्हे तो. मला नोकरीवर घेताना माझ्या शिक्षणापेक्षा माझा भांडखोरपणा बघून घेतलं, असं तेच सांगायचे. दवाखान्याच्या पायरीवर ते माझ्याजवळ बसले, डोळे पुसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "एक सांगू, श्रुतिका? रागावू नकोस. तुझ्या म्हातारीला चूक दाखवायला अर्धा तास लागला. बिजलीनं दीड सेकंदात दाखवली."

 त्यांनी ते हिशेबानं म्हटलं होतं, आणि हिशेब बरोबर होता. मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली. मारली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

भाद्रपदात आमच्याकडे क्षमावणी असते. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याच्यासमोर हात जोडायचे आणि क्षमा मागायची. सरनोबत साहेब जैन नव्हेत, पण त्या दिवशी ते घरी आले. दादा कॉटवर बसला होता. साहेबांनी त्याच्यापुढं हात जोडले. दादानंही जोडले, उरलेल्या बऱ्या हातानं जमतील तसे. मग साहेबांनी लगेच विषय काढला. चूक सुधारली आहे, महामंडळ अजून तयार आहे, फक्त श्रुतिकाचा होकार राहिला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "क्षमा मागायला काय लागत न्हाई, सायेब," ती म्हणाली. "जीभ लागती. माझं पोरगं समोर उभं ऱ्हायलं हुतं."

तिथंच मला सुचलं. "साहेब, मी होकार देते. पण या वेळी तुम्ही उभं राहायचं."

ते दचकले नाहीत. विचार करून म्हणाले, "चूक पक्की सुधारली ना?"

"मोजणाऱ्याला चार घरं वाढवून दिलीत. म्हातारीवर पावणेतीन तास बसून पूर्ण सबुरी बघितली. बरोबर आहे."

"मग राहतो की उभा. त्यात काय."

खोटं कशाला बोलू? त्या आठवड्यात दोन-तीनदा माझ्या मनात आलं, की ती चार घरं परत काढून टाकावीत. कुणाला कळलं नसतं. मी आराखडा उघडून बसायचे आणि बघत राहायचे. मग दादाचा तो आवाज, ती नुसती हवा, कानात यायची आणि मी आराखडा बंद करायचे. चार घरं तशीच राहिली.

या वेळी मांडव नव्हता. कर्नल, फौंड्रीतली माणसं, कुबडीवर दादा, आणि मी. देशमाने व्हॅनचं दार उघडं ठेवून बसला होता. सरनोबत साहेब राखणदारासमोर जाऊन उभे राहिले. कोटाची बटणं लावली, आमच्याकडं बघून हसले. ठरलं होतं ते इतकंच, की नऊ सेकंद उभं राहायचं आणि मग मागे सरायचं. राहिले असते तर मी खरंच होकार दिला असता. शब्द म्हणजे शब्द.

"मागे व्हा," बाईचा गोड आवाज आला.

साहेब पळाले. मागे सरले नाहीत, पळाले. एक सेकंदही झाला नसेल. पाठ फिरवून पळताना पायात पाय अडकून ते खडीवर तोंडघशी पडले, तसेच उठले, आणि भिंतीला टेकल्यावरच थांबले. राखणदारानं हात खाली केला. आवारात कुणी हसलं नाही.

"साहेब," दादा कुबडीवरून म्हणाला, "पळालासा कशाला? अजून नऊ सेकंद हुते की तुमच्याकडं."

मला वाटलं, झालं. जो विकतो त्यालाच भरवसा नाही, हे कर्नलनी डोळ्यांनी बघितलं. आता बिजली परत जाईल, चिप नीट तपासून छापली जाईल, लागू दे दीड वर्ष. मी कर्नलकडं वळले. ते खुशीत होते.

"फार छान," ते म्हणाले. "म्हणजे धडधाकट माणूस एका सेकंदात पळतो. मग दहा सेकंद कशाला? दहा सेकंदांत जमाव दगड उचलतो. कायद्यातल्या आकड्याचं मी वरती बघतो. तुम्ही सबुरी दोन सेकंदांवर आणा. सोमवारी चार दारांवर लावू."

"साहेब, माझा भाऊ पडला होता," मी म्हटलं. "पडलेला माणूस पळत नाही. म्हातारं पळत नाही. पोटुशी बाई पळत नाही."

"अपवाद असतातच."

"चिप छापल्यावर आकडा बदलता येणार नाही. म्हणून तो तारांत गुंफलाय."

"म्हणून तर बिजली," कर्नल म्हणाले. "छापायचं कशाला? संध्याकाळपर्यंत आकडा बदलेल. काय हो देशमाने?"

देशमानेनं व्हॅनमधून मान डोलावली.

मी सरनोबत साहेबांकडं बघितलं. त्यांच्या तळहाताला खडी रुतली होती, ओठ फुटला होता. मला खात्री होती, की हा माणूस आत्ता नाही म्हणेल. दीड श्वासापूर्वी तो जीव घेऊन पळाला होता. साहेबांनी रुमालानं ओठ टिपला. "होऊन जाईल, सर," ते म्हणाले. "श्रुतिकाचा होकार ठरलेलाच आहे. उभा राहिलो ना मी."

मी फौंड्रीच्या शेडमध्ये गेले. साचे फोडायचे घण भिंतीला टेकून ठेवलेले असतात. मी मधला उचलायला गेले तर मागून कुबडीचा आवाज आला. दादानं माझ्या हातातला घण बाजूला केला आणि त्याच्या शेजारचा, लांब दांड्याचा, पुढं केला.

"ह्यो घे. आणि मनगटातनं मारू नगंस, खांद्यातनं मार. न्हाईतर हात मोडून घेशील."

"भट्टी थंड राहील, दादा. तुझी चाळीस माणसं."

"मी बोलतो त्यांच्याशी," तो म्हणाला. "चोपदाराला मांडी हाय न्हवं अजून, तो समजावंल."

आवारातून घण घेऊन जाताना मला कुणी अडवलं नाही. दादाच्या फौंड्रीत माणसं घण घेऊन हिंडतच असतात. कर्नल आणि साहेब गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून दारं निवडत होते. मी व्हॅनमध्ये चढले. बिजली आतमध्ये गुणगुणत होती. दिसायला सुंदर होती ती, काचेच्या चिरांतून निळा उजेड सांडत होता. इतकं बुद्धिमान यंत्र मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही, आणि तिची यात काहीच चूक नव्हती.

"मागे व्हा," मी देशमानेला म्हटलं.

त्याला थट्टा वाटली. "मॅडम, आकडा बदलायला घेतलाय, थोडं थांबा ना."

"एक," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. दोन. तीन. तो उठला, परत बसला, मग पडद्याकडं धावला. चार. बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं. पाच. त्यानं स्वतःची बॅग उचलली. सहा. सात. सरनोबत साहेब व्हॅनच्या पायरीशी आले, पण वर चढले नाहीत. आठ. देशमाने भिंतीला पाठ लावून दाराकडं सरकला, खाली उतरला. नऊ. दहा सेकंद खरोखर किती लांब असतात, हे मला तिथं उभं राहून कळलं. एवढ्या वेळात माणूस चार वेळा मन बदलू शकतो. मी एकदाही बदललं नाही.

दहा म्हटलं, आणि घण खांद्यातून आणला.

पोलिसांनी नंतर विचारलं, रागाच्या भरात अचानक केलंत का? वकिलांनी हो म्हणायला सांगितलं होतं, शिक्षा कमी होते म्हणे. मी नाही म्हटलं. देशमानेचा मला राग नाही. त्यानं जबानीत खरं तेच सांगितलं, की बाईंनी आधी मागे व्हायला सांगितलं आणि मग पूर्ण दहा मोजले.